एआयआरचं बटण

रेडिओच्या एका बटणाखाली इंग्रजीत ए, आय आणि आर ही तीन अक्षरं कोरलेली असली, तर भारतात जन्मलेला कोणताही शिकलेला माणूस त्याचा अर्थ 'ऑल इंडिया रेडिओ' असाच लावील. मीही तोच लावला. यात माझं नेमकं काय चुकलं, हे मला अजून कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

ते त्र्याऐंशी साल होतं. माझा साळा कुम्हारीच्या एका छोट्या फॅक्टरीत कामाला होता, आणि हायवेला लागून राहत असल्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी आपल्या दारावरून जाते अशी त्याची समजूत होती. कलकत्त्याकडून आलेल्या एका ट्रकवाल्याकडून त्याने हा रेडिओ मिळवला आणि "भाऊजी, हे तुमच्यासारख्या वाचणाऱ्या माणसाजवळच शोभते," असं म्हणत माझ्या गळ्यात घातला. रेडिओ जपानी होता. काळा, जाडजूड, चामड्याच्या कव्हरातला. कंपनीचं नाव घासून घासून गेलेलं. सुरुवातीचा 'एन' आणि शेवटचा 'ओ' एवढेच उरलेले. वर चार बटणं: मीडियम, शॉर्ट, एफएम आणि हे एआयआर. एफएम म्हणजे काय हे तेव्हा भिलाईत कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल कोणी विचारलं नाही. पण एआयआरचं बटण पाहून आमच्या सेक्टर दहाच्या अख्ख्या ब्लॉकची छाती फुगली.

"जपानी माणूस पाहा," मी जमलेल्यांना सांगितलं, "तिकडे समुद्रापलीकडे बसून त्याने आपल्या आकाशवाणीसाठी वेगळं बटण काढलं. याला म्हणतात कदर."

मी भिलाईच्या पोलाद प्लांटच्या स्टोअर्समध्ये क्लार्क. माल ओळखणं हाच माझा धंदा. त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला. संध्याकाळी नागपूर केंद्राच्या मराठी बातम्या ऐकायला मी शेजाऱ्यांना बोलावलं. रत्नमालेने, म्हणजे आमच्या हिने, कपबशा काढल्या. मी एरियल पूर्ण ओढला आणि एखाद्या पुलाचं उद्घाटन करावं तसं ते बटण दाबलं.

रेडिओ म्हणाला, "श्शऽऽऽऽऽ."

मी काटा फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत तेच. शेजारच्या क्वार्टरमधला दयाराम साखरवाडे रोलिंग मिलमध्ये होता. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातला माणूस. त्याला मनातलं मनात ठेवण्याची सवय नव्हती. त्याने कान लावून नीट ऐकलं आणि म्हणाला, "नरहरीभाऊ, बातम्या नाही लागल्या अजून. स्टेशनवर भजे तळून राहिले."

लोक चहा पिऊन हसत हसत गेले. मी दुसऱ्याच दिवशी रेडिओ सायकलला बांधून सिविक सेंटरला नेला. तिथल्या मेकॅनिकने तो उघडून बराच वेळ आत पाहिलं, आणि डॉक्टर ज्या आवाजात नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगतात त्या आवाजात म्हणाला, "कॉइल गया है." कॉइल बदललं. भजी तळण्याचा आवाज दुप्पट झाला.

मग एका दुपारी, मी आरशासमोर अर्धी दाढी करून उभा असताना, खिडकीतला रेडिओ अचानक बोलला. स्वच्छ, खणखणीत, पुरुषी आवाज. इंग्रजी आकडे, 'रायपूर', आणखी आकडे, मग शांतता.

"अहो, लागलं!" रत्नमाला आतून धावत आली. "काय म्हणाला?"

"बाजारभाव असावेत," मी म्हणालो.

पुन्हा तोच आवाज आला. तेवढ्यात घरावरून घरघर करत रोजचं पंख्यांचं विमान गेलं, नागपूरहून रायपूरला जाणारं. विमान दूर गेलं तसा आवाजही दूर गेला. रत्नमालेने आधी छताकडे पाहिलं, मग रेडिओकडे, मग माझ्याकडे.

"अहो," ती हळूच म्हणाली, "एअर म्हणजे हवा ना?"

साबण सुकेपर्यंत मी तसाच उभा होतो.

मध्यमवर्गीय माणसाजवळ अब्रूशिवाय दुसरी स्थावर मालमत्ता नसते, त्यामुळे ती वाचवायला तो कोणत्याही थराला जातो. मी त्या दिवसापासून असं सांगायला लागलो की हे विमानाचं बटण आहे हे मला आधीच माहीत होतं, बातम्यांचं मी गमतीने म्हटलं होतं. आणि कोणी उलटतपासणी घेतलीच तर तयारी असावी म्हणून लायब्ररीत जाऊन जुन्या इंग्रजी वायरलेस मासिकांचे गठ्ठे उपसायला लागलो. शपथेवर सांगतो, सुरुवात अब्रूसाठी होती. पण वाचता वाचता मीच त्यात बुडालो.

पूर्वी विमानात रेडिओच नसे. वैमानिक खाली वाकून रेल्वेचे रूळ पाहत वाट काढायचे. मग रेडिओ आला, पण आपल्यासारख्याच खरखरणाऱ्या लहरींवरचा. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत विमानांचं बोलणं वरच्या, स्वच्छ लहरींवर गेलं, आणि ते ऐकणारे सेट बनवणारे कारखानदार पुढे आले. बर्मिंगहॅमची एडिस्टोन त्यांतली एक. हे घराणं मुळात बायकांच्या केसांच्या पिना वगैरे बनवणारं. पहिल्या युद्धानंतर तिकडच्या बायकांनी केस आखूड केले, पिनांचा खप बसला, म्हणून ही मंडळी रेडिओकडे वळली.

"म्हणजे बायकांनी केस कापले म्हणून हा रेडिओ निघाला?" रत्नमालेने विचारलं.

"तसंच म्हण."

"मग आणखी वाढवते मी," असं म्हणून ती वेणी घालायला लागली.

शिकागोच्या हॅलिगन नावाच्या माणसाने आपल्या नावाचा अर्धा तुकडा आणि 'हाताचे कारागीर' या शब्दाचा अर्धा तुकडा जोडून कंपनीचं नाव 'हॅलिक्राफ्टर्स' ठेवलं. हे मी मोठ्या भक्तिभावाने दयारामला सांगितलं. तो म्हणाला, "हे बरं हाये. म्हंजे तुम्ही काढली तं लांजेक्राफ्टर्स." माझं आडनाव लांजेवार. त्या दिवसापासून ब्लॉकमध्ये मी लांजेक्राफ्टर झालो.

त्यानंतर जपानी आले. त्यांनी हे असलं अवजड यंत्र खिशाएवढं केलं आणि विमानतळाच्या कुंपणाशी उभं राहून विमानं पाहणाऱ्या रिकामटेकड्या गोऱ्यांसाठी ट्रान्झिस्टरवर एक जादा बटण दिलं: एअर. तेच फिरत फिरत कुम्हारीला आलं होतं. आणखी एक मौज म्हणजे विमानवाले अजून जुन्याच पद्धतीने बोलतात, कारण त्यात दोघं एकदम बोलले तर शिट्टी वाजते आणि सगळ्यांना घोटाळा कळतो. नव्या पद्धतीत जोरकस माणूस अशक्त माणसाचा आवाज गिळून टाकतो, कोणाला पत्ताही लागत नाही.

"आपल्या घरी दुसरी पद्धत आहे," रत्नमाला म्हणाली. कोण जोरकस ते तिने सांगितलं नाही.

आता खोट एकच होती. रायपूरचा विमानतळ माना गावाला; त्याचा टॉवर जमिनीवर, आम्हीही जमिनीवर, मधे सगळं अंतर. त्याचा आवाज आमच्यापर्यंत पोचायचा नाही. विमान उंचावर, म्हणून त्याचा यायचा. परिणामी आम्हाला फक्त उत्तरं ऐकू येत, प्रश्न नाहीत. मला ते सहन होईना. दयारामने उपाय सांगितला. "उंच बांबू लावा. मी टीव्हीचे एरियल लावून देतो ना लोकाचे!" त्याच्याजवळ प्रत्येक गोष्टीवर बांबू हाच उपाय असे. पडद्याच्या दोन अॅल्युमिनियमच्या दांड्या बांबूला बांधून ते प्रकरण आम्ही छतावर उभं केलं. मेकॅनिकलाही चेव आला. त्याने रेडिओच्या पोटात आपल्या हाताचा एक 'बूस्टर' बसवून दिला आणि सांगितलं की आता दिल्लीसुद्धा लागेल.

दिल्ली लागली नाही. दिल्ली गेली.

आमच्या वरच्या मजल्यावर आनंदराव वैरागडे राहत. असिस्टंट इंजिनियर, ब्लॉकमधले एकमेव अधिकारी आणि एकमेव टीव्हीचे मालक. मोठ्या क्वार्टरची वाट पाहत आमच्यात राहत असल्यामुळे ते कायम स्टेशनवर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसासारखे दिसत. रविवारी संध्याकाळी दिल्लीचा पिक्चर पाहायला अर्धा ब्लॉक त्यांच्या सतरंजीवर. त्या रविवारी मी खाली नवा बूस्टर चालू केला, आणि वर ऐन प्रसंगात नायक-नायिकेच्या अंगावरून आडव्या पट्ट्या धावायला लागल्या. मी बूस्टर वाढवला, तशी नायिका पूर्ण दिसेनाशी झाली. मला ठाऊक नव्हतं, पण मेकॅनिकच्या कृपेने माझा रेडिओ आता ऐकता ऐकता स्वतःच बोंबलत होता.

जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं तर पुढे आनंदराव, मागे अख्खी सतरंजी.

"लांजेवार, हे काय करून राहिले तुम्ही?" रागावल्यावर त्यांची अधिकाऱ्याची भाषा गळून पडे.

"साहेब, विमान ऐकत होतो."

"विमान!" त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी शिवी दिली. इतका राग पट्ट्यांचा नसावा असं मला तेव्हाही वाटलं. "याचं लायसन्स आहे? नाही ना? मग बंद करा हा आचरटपणा. आणि तो बांबू उद्या छतावर दिसला तर मी टाउन ॲडमिनिस्ट्रेशनला लिहीन."

बूस्टर मी काढून टाकला. पण सगळ्यांदेखत 'आचरटपणा' म्हटलं होतं. आता बांबू काढणं म्हणजे नाक कापून देण्यासारखं होतं. मी लायसन्स काढायचं ठरवलं.

तेव्हा रेडिओचं लायसन्स पोस्टात मिळायचं. खिडकीतल्या बाबूने विचारलं, "कितने बँड?"

"चार. मीडियम, शॉर्ट, एफएम, और एक हवाई जहाज का."

त्याने पेन खाली ठेवलं. "आपके पास हवाई जहाज है?"

"नहीं."

"तो हवाई जहाज का रेडिओ क्यूं है?"

या प्रश्नाला माणसाने काय उत्तर द्यावं? मी त्याला बर्मिंगहॅमच्या पिनांपासून सांगायला सुरुवात केली. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी त्याने असा तोडगा काढला की मी नोकरी करतो तिथून 'हरकत नाही' असं लिहून आणावं. आमच्या पर्सोनेल खात्याने सांगितलं की हरकत आहे की नाही हे सिक्युरिटीला विचारावं लागेल. सिक्युरिटीचे साहेब रुंद मिशांचे होते. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"जहाज कब आता है, कहां जाता है, ये जानकर आप क्या करेंगे?"

"कुछ नहीं साहब. मुझे तो नागपूर की मराठी खबरें सुननी थी."

ते माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिले की मलाच माझा संशय यायला लागला. मग त्यांनी लिहून दिलं: ब्लॉकमधल्या सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्याने सही केली तर आमची हरकत नाही, अन्यथा सेट सिक्युरिटीत जमा करावा.

ब्लॉकमधले सर्वांत वरिष्ठ अधिकारी म्हणजे कोण, हे सांगायला नको. मी तो कागद घेऊन वर गेलो. आनंदरावांनी तो उंबऱ्यातच वाचला, घडी घातली, परत माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आलो, तर स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी कलावतीबाई बसलेल्या. मी दचकलो. त्या बाई कधी खाली उतरत नसत.

"भाऊजी," त्या चाचरत म्हणाल्या, "त्या रेडिओत पायलट बोलते म्हणतात, खरं का?"

"हो वहिनी. कावून विचारता?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. रत्नमालाच म्हणाली, "अहो, त्यांचा ओमप्रकाश चालवतो ते विमान."

मला ओमप्रकाश पुसट आठवत होता. आम्ही या ब्लॉकमध्ये आलो त्याच सुमारास घरातून गेलेला. इंजिनियरिंगचं कॉलेज अर्धवट सोडून तो नागपूरच्या फ्लाइंग क्लबात गेला, आईने पाटल्या मोडून त्याला पैसे दिले, आणि आनंदरावांनी जाहीर केलं की ज्याला जमिनीवर उभं राहता आलं नाही त्याने या घरात पाय ठेवू नये. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघत नव्हतं. आता तो नागपूर-रायपूरच्या विमानावर कोपायलट होता. आईला पत्र यायचं, तेही शेजारणीच्या पत्त्यावर.

"चार वर्षं झाली आवाज ऐकून," कलावतीबाई म्हणाल्या. "माझ्या डोक्यावरून जातो भाऊजी तो. रोज वाळवणाला जाते मी छतावर, अन् पाहते."

मी जेवण तसंच ठेवून रेडिओ लावला. सेट बंद ठेवायचा असं सिक्युरिटीच्या कागदात कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी तो पुन्हा एकदा वाचून खात्री करून घेतली. विमान आलं. आवाज आला, भरदार, घोगरा.

"हा नाही," त्या लगेच म्हणाल्या. "हा म्हातारा हाये."

पुढल्या खेपेला लाइट गेली, आणि सेल आणायला मी दुकानात पोचेपर्यंत विमान मानाला पोचलं. त्याच्या पुढल्या खेपेला ढग होते, विमानच आलं नाही. कलावतीबाई मात्र रोज हळदीकुंकवाला आल्यासारख्या ठेवणीतलं लुगडं नेसून यायच्या. आणि मग एका दुपारी रेडिओतून एक तरुण आवाज आला. घाईघाईत बोललेले इंग्रजी आकडे, बाकी काही नाही.

कलावतीबाई उठून उभ्या राहिल्या. "ओम!" त्या रेडिओकडे वाकून ओरडल्या. "अरे बाळा, जेवला का?"

ओमप्रकाशने उंचीचा एक आकडा सांगितला आणि तो खोकला.

"वहिनी, इथून तिकडे जात नाही," मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. आलं किसून, गूळ घालून त्याने काय करावं हे त्या त्याला सांगत राहिल्या. विमान गेलं, भजी तळायला लागली, तरी त्या सांगतच होत्या. रत्नमालेने तोंड फिरवलं. मला काटा साफ करण्याचं काम आठवलं.

इकडे आनंदरावांनी लिहिलेलं पत्र टाउन ॲडमिनिस्ट्रेशनला पोचलं होतं. बांबू काढायला इन्स्पेक्टर यायचा दिवस ठरला, आणि माझी फजिती डोळ्यांनी पाहता यावी म्हणून आनंदरावांनी खास अर्धी रजा टाकली. वेळ नेमकी दुपारची. जीप थांबली. आनंदराव आणि इन्स्पेक्टर आमच्याकडे येतायत असं पाहून रत्नमालेने कलावतीबाईंना स्वयंपाकघरात ढकललं. इन्स्पेक्टरने नियम वाचायला सुरुवात केली. बांबू ज्याने लावला त्यानेच काढावा म्हणून दयारामला छतावर पाठवलं होतं.

रेडिओ बंद करायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

"...क्वार्टरच्या छतावर विनापरवाना कोणतीही वस्तू..." इन्स्पेक्टर वाचत होता, आणि खिडकीतून आवाज आला. तरुण, घाईचा. आकडे. 'रायपूर'.

आनंदराव माझ्यावर बोट रोखून उभे होते. बोट तसंच राहिलं.

"...अथवा उंच खांब, काठी, बांबू..."

"चूप!" आनंदराव म्हणाले. इन्स्पेक्टर चूप झाला.

त्या दुपारी वर दुसरी गर्दी नसावी. टॉवरवाल्याला गप्पा माराव्याशा वाटल्या असाव्यात. तो काय विचारत होता ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. ओमप्रकाशचंच येत होतं.

"हां सर, भिलाई बिलकुल नीचे है." मग शांतता. "नहीं सर, इस बार भी नहीं." पुन्हा शांतता. मग तो हसला. "वहां लँडिंग क्लिअरन्स नहीं मिलती, सर. वहां का टॉवर बहुत स्ट्रिक्ट है."

आणि खोकला.

आनंदरावांनी बोट खाली घेतलं, आणि ते कुठे ठेवावं हे न कळल्यासारखं कोटाच्या खिशात घातलं. वरून दयारामची आरोळी आली, "काढू का जी बांबू?"

"हात लावू नको त्याला!" आनंदराव खिडकीतून इतक्या जोरात ओरडले की इन्स्पेक्टरच्या हातातला कागद पडला. मग ते माझ्याकडे वळले. "लांजेवार, यावरून बोलता येते का?"

"नाही साहेब. नुसतं ऐकता येतं."

"नुसतं ऐकता येते! कोणत्या गाढवाने बनवला?"

मी शिकागोपासून सुरुवात करणार होतो, पण स्वयंपाकघराचं दार उघडून कलावतीबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात डबा होता. त्या दिवशी त्यांनी तो कशाच्या भरवशावर करून आणला होता, देव जाणे. बहुधा रोजच करत असाव्यात. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही इथं?" ते म्हणाले.

"तुम्ही इथं?" त्या म्हणाल्या.

मग आनंदरावांनी इन्स्पेक्टरला विचारलं, "जीपमध्ये पेट्रोल आहे?"

"साहेब, जीप बांबूसाठी आणली."

"बांबू कुठे पळून जाऊन राहिला? चला मानाला!"

अशा रीतीने माझ्यावर कारवाई करायला आलेल्या जीपमध्ये मी बसलो. पुढे ड्रायव्हरशेजारी आनंदराव, मागे मी, कलावतीबाई, इन्स्पेक्टर, आणि छतावरून उतरून काहीही न विचारता आत चढलेला दयाराम. माझं काम एकच: रेडिओ मांडीवर घेऊन एरियल बाहेर धरायचा आणि विमान अजून जमिनीवर आहे की नाही ते सांगायचं. बराच वेळ नुसती भजी. कुम्हारीत दोन ट्रक समोरासमोर अडून बसले होते. आनंदरावांनी खाली उतरून दोन्ही ड्रायव्हरांना प्लांटच्या भाषेत समजावलं. रस्त्यावरच्या पोरांनी माझा एरियल पाहून जीपमागे धाव घेतली, कारण त्यांना वाटलं कोणी पुढारी येतोय.

रायपूर मागे पडलं आणि रेडिओत एक अनोळखी आवाज आला. दयाराम सीटवरून उडाला. "नरहरीभाऊ, आता दुसराबी बोलून राहिला!"

खरंच. टॉवर! जो आवाज ऐकायला मी दांड्या, बांबू, बूस्टर आणि अब्रू खर्च केली होती, तो फक्त जवळ गेल्याने मिळत होता. मला आनंद साजरा करायला वेळ नव्हता, कारण तेवढ्यात ओमप्रकाशने इंजिन सुरू करायची परवानगी मागितली आणि टॉवरने ती लगेच दिली.

"देऊ नको!" कलावतीबाई रेडिओला म्हणाल्या.

जीप कुंपणापाशी पोचली तेव्हा पंखे फिरत होते. आनंदराव फाटकाकडे धावले. शिपायाने काठी आडवी घातली.

"अंदर मेरा लडका है!"

"कौनसा पॅसेंजर?"

"पॅसेंजर नहीं," आनंदराव म्हणाले, आणि कुंपणापलीकडच्या त्या धुराळ्याकडे हात केला. पुढचं वाक्य त्यांनी आजवर कधी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते अडखळतच बाहेर पडलं. "जहाज चला रहा है."

शिपायाने काठी खाली घेतली, पण फाटक उघडलं नाही. नियम होता. मग आनंदराव कुंपणाच्या कडेने विमानासोबत चालायला लागले. बायकोच्या हातून घेतलेला डबा वर धरलेला, कोट उडतोय, मागे पदर सांभाळत कलावतीबाई, त्यांच्यामागे दयाराम आणि इन्स्पेक्टर, आणि शेवटी रेडिओ घेतलेला मी. विमान हळूहळू आमच्या बाजूने सरकत होतं. काचेआड दोन डोकी दिसत होती. त्यातलं एक वळलं.

विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभं राहिलं. माझ्या हातातला रेडिओ खरखरला.

"रायपूर, सर, एक रिक्वेस्ट है. फेन्सिंग के पास एक साहब डब्बा लेके खडे हैं. उनको बता दीजिए, परसों मैं इसी फ्लाइट पे हूं. हॉल्ट लंबा है."

"कौन साहब?" टॉवरने विचारलं.

थोडा वेळ नुसती भजी तळली गेली.

"मेरे बाबा हैं, सर."

विमान धावलं, उचललं, आणि लहान होत गेलं. आनंदराव बराच वेळ डबा धरून उभे होते. मग इन्स्पेक्टरकडे वळून, जणू त्यानेच काही निष्काळजीपणा केला असावा, तसं म्हणाले, "आवाज बसला आहे त्याचा."

डबा परतीच्या वाटेवर कुम्हारीला आम्ही सगळ्यांनी मिळून संपवला. बांबू नियमात बसतो असं इन्स्पेक्टरला तिसऱ्या पुरीनंतर आढळून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिक्युरिटीच्या कागदावर आनंदरावांची सही मिळाली. फक्त एक अट होती: विमानाच्या वेळेला रेडिओ वरच्या मजल्यावर असावा, कारण उंचीवर तो जास्त चांगला ऐकू येतो असं त्यांचं तांत्रिक मत होतं. पोस्टातल्या बाबूला तो कागद दाखवला, तर त्याने माझ्याकडे दयेने पाहून साध्या चार बँडचं लायसन्स दिलं आणि चौथ्या बँडसमोर लिहिलं, 'ऑल इंडिया रेडिओ'.

त्या परवाच्या दिवशी आनंदरावांनी पूर्ण रजा टाकली. या खेपेला जीप नव्हती. आम्ही बसने गेलो. फाटकावर तोच शिपाई होता. विमान उतरलं, माणसं बाहेर आली, आणि सर्वांत शेवटी टोपी काखेत धरून ओमप्रकाश आला. उंच, काळवंडलेला, गळ्याला मफलर. तो आईच्या पाया पडला, मग वडिलांच्या पाया पडला आणि समोर उभा राहिला. कलावतीबाई डबा सोडत होत्या. आम्ही बाकीचे विमानाकडे पाहिल्यासारखं करत होतो.

आनंदरावांनी त्याला टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं. खांद्यावरची पट्टी जरा जास्त वेळ पाहिली. घसा साफ केला. चार वर्षांत साठवलेलं काहीतरी येणार असं मला वाटलं.

"ते आकडे," ते म्हणाले, "जरा सावकाश बोलत जा. खाली आमाले काही समजत नाही."